अंडाशयात मूळपेशी टोचण्याआधी: एका प्रकरणाचा अभ्यास

वय ३२. लग्नाला चार वर्षे, मूल हवे म्हणून प्रयत्न दोन वर्षे. पाळी आधी पुढे-मागे होत गेली, मग सात महिने आलीच नाही. एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन; अंडाशय थकले की ते वाढते) ६८. हातात एका केंद्राचा लेखी प्रस्ताव: स्वतःच्या अस्थिमज्जेतून मूळपेशी काढून दोन्ही अंडाशयांत टोचायच्या, महिन्याच्या अंतराने तीन सत्रे, 'सुधारणा' १० पैकी ६ जणींत. जोडप्याचा प्रश्न सरळ होता: हे करावे का, आणि करायचे तर कधी?

हे प्रातिनिधिक प्रकरण आहे. अकाली अंडाशय-अक्षमतेच्या, म्हणजे चाळिशीआधीच अंडाशयाचे काम मंदावलेल्या, रुग्णांत नेहमी दिसणारे आकडे आणि निर्णयाचे टप्पे एकत्र घेऊन ते मांडले आहे. मूळपेशींचा उपचार (स्टेम सेल थेरपी) चांगला की वाईट याचा निवाडा इथे नाही. एका विशिष्ट स्त्रीसाठी, एका विशिष्ट वेळी, एका विशिष्ट प्रस्तावाचे वाचन कसे करायचे, एवढाच विषय आहे.

निदान आधी, उपचार मग

पहिल्या तपासणीचे आकडे असे: एफएसएच ६८ आणि पाच आठवड्यांनी ७४ एमआययू प्रति मिली, इस्ट्राडिओल (अंडाशयातले मुख्य इस्ट्रोजेन) २० पिकोग्रॅमच्या खाली, एएमएच (बीजसाठ्याचा अंदाज देणारे हार्मोन) यंत्राच्या मोजमर्यादेखाली. सोनोग्राफीत उजवे अंडाशय १.८ मिली, डावे १.४ मिली, डाव्यात ४ मिमीचे एकच फॉलिकल (बीज असलेली पिशवी). या वयात अंडाशयाचे आकारमान साधारण ६ ते ८ मिली असते.

चाळिशीच्या आत किमान चार महिने पाळी नाही किंवा फारच अनियमित आहे, आणि एफएसएच २५ च्या वर आहे, एवढ्यावर अकाली अक्षमतेचे निदान होते. युरोपीय संस्था ईश्रेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात महिन्याहून जास्त अंतराने दोनदा तपासणी लागे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शनात चित्र स्पष्ट असेल तर एक तपासणी पुरे मानली आहे. इथे दुसरी तपासणी आधीच झालेली होती. एएमएच मात्र निदानाचा मुख्य आधार नाही. तो शून्याजवळ आला म्हणून अंडाशयात काहीच उरले नाही, असा अर्थ काढता येत नाही.

प्रस्ताव देणाऱ्या केंद्राने कारण शोधण्याच्या तपासण्या केल्याच नव्हत्या. ही सगळ्यात मोठी फट होती, कारण कारणावरून पुढची वाट बदलते. गुणसूत्र तपासणी ४६ एक्सएक्स, म्हणजे स्त्रीची नेहमीची, आली. त्यात वाय गुणसूत्राचा तुकडा निघाला असता तर अंडाशयात काही टोचण्याचा विचारच संपला असता. तिथे गाठीच्या धोक्यामुळे ते अवयव काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकाराशी जोडलेल्या एफएमआर-१ जनुकातील पुनरावृत्ती सामान्य होत्या. त्या ५५ ते २०० च्या मध्ये असत्या तर प्रश्न या जोडप्यापुरता राहिला नसता. बहिणी आणि होणारी मुलेही त्यात आली असती. अॅड्रीनल ग्रंथीविरुद्धची २१-हायड्रॉक्सिलेज प्रतिद्रव्ये नव्हती. ही तपासणी अनेकदा राहून जाते आणि ती राहणे महागात पडू शकते: अॅड्रीनल ग्रंथी छुपेपणे निकामी होत असेल तर भूल देताना किंवा साध्या संसर्गातही रुग्ण कोसळू शकते. थायरॉइडविरुद्धची टीपीओ प्रतिद्रव्ये मात्र होती, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे हार्मोन) ५.८, म्हणजे वाढलेला. हाडांच्या घनतेत कण्याचा झेड स्कोअर उणे २.१ निघाला, वयाच्या मानाने हे कमी आहे.

पूर्वी कर्करोग, केमोथेरपी, रेडिएशन किंवा अंडाशयावरची शस्त्रक्रिया नव्हती. म्हणजे कारण अज्ञात, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने अंडाशयावर हल्ला केल्याचा संशय. नक्की काय ते पाहण्यासाठी अंडाशयाचा तुकडा काढून तपासण्याचा आग्रह पतीने धरला होता. तो करू नये. त्या तुकड्यात फॉलिकल दिसले नाही म्हणून उरलेल्या अंडाशयात नाही असे ठरत नाही, आणि आधीच कमी असलेला साठा त्यात जातो.

मूळपेशी नवी बीजे बनवतात का?

जोडप्याची समजूत अशी होती की मूळपेशी आत जाऊन स्त्रीबीजे तयार करतील. प्रस्तावात तसे लिहिलेले नव्हते, पण तसा समज व्हावा अशी भाषा होती.

गर्भातल्या मुलीच्या अंडाशयात विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६० ते ७० लाख बीजपेशी असतात, जन्मावेळी १० ते २० लाख, वयात येताना ३ ते ४ लाख. रजोनिवृत्तीच्या वेळी हजाराच्या आसपास उरतात. जन्मानंतर नवी भर पडत नाही, ही समजूत १९५१ पासून पक्की झाली. २००४ मध्ये जोनाथन टिली यांच्या गटाने उंदरांत आणि २०१२ मध्ये मानवी अंडाशयात बीज तयार करू शकणाऱ्या पेशी सापडल्याचे मांडले, आणि तेव्हापासून वाद चालू आहे. २०२० मध्ये मानवी अंडाशयाच्या बाह्यस्तराची एकेक पेशी वेगळी वाचणाऱ्या अभ्यासात अशा पेशींचा पत्ता लागला नाही.

उपचारात वापरल्या जातात त्या पेशी मुळात वेगळ्या आहेत. अस्थिमज्जा, गर्भनाळ, चरबी किंवा मासिक स्रावातून मिळणाऱ्या या मेसेन्कायमल पेशी. त्या स्त्रीबीज होत नाहीत. त्यांच्याकडून अपेक्षा असते ती स्रावांची: व्हीईजीएफ, आयजीएफ-१, एचजीएफ यांसारखे वाढघटक आणि पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पिशव्या. त्यातून रक्तवाहिन्या वाढाव्यात, फॉलिकलभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशींचे मरण थांबावे, दाह कमी व्हावा. केमोथेरपीने इजा केलेल्या उंदरांत हे वारंवार दिसले आहे. पण त्या उंदरांना केमोथेरपी देऊन काही दिवसच झालेले असतात, आणि त्यांच्यात बरेच फॉलिकल शिल्लक असतात. अनेक वर्षे हळूहळू रिकामे होत आलेले माणसाचे अंडाशय ही निराळी गोष्ट आहे.

म्हणून पहिला प्रश्न 'शिल्लक काय?' हाच राहतो. या रुग्णात ४ मिमीचे का होईना, एक फॉलिकल दिसत होते. पाळी थांबून वर्ष झालेले नव्हते. अंडाशय सापडत होते. अशा स्त्रियांत काहीतरी घडण्याची शक्यता जास्त असते, उपचार दिला तरी आणि न दिला तरी. पुढचे सगळे प्रकरण या शेवटच्या चार शब्दांवर फिरते.

प्रस्तावाचे गणित

कागदावर प्रक्रिया अशी होती: कमरेच्या मागच्या हाडातून ६० मिली अस्थिमज्जा, दोन तास प्रक्रिया, त्याच दिवशी अर्धा भाग अंडाशयांत, अर्धा शिरेतून.

६० मिली एकाच जागेतून ओढली तर पहिल्या काही मिलीनंतर सुईत मुख्यतः रक्त येते. म्हणून ५ ते १० मिली घेऊन सुईची जागा किंवा खोली बदलावी लागते. प्रस्तावात हाडात सुई टोचण्याची एकच जागा लिहिली होती. तरी उदार हिशेब धरू: मिलीमागे ५० लाख एककेंद्रकी पेशी, एकूण ३० कोटी. त्यांत खऱ्या मेसेन्कायमल मूळपेशींचे प्रमाण ०.००१ ते ०.०१ टक्का. म्हणजे ३,००० ते ३०,०००. घनतेच्या द्रावणावर फिरवून थर वेगळा करताना आणि धुताना त्यातल्या बऱ्याच जातात. उरलेल्यांचे अर्धे शिरेतून. एका अंडाशयाच्या वाट्याला काही शे ते काही हजार.

मानवी प्रयोगांत एका अंडाशयात टोचलेल्या पेशींची संख्या ५० लाखांच्या घरात आहे. तिथवर पोचायला प्रयोगशाळेत दोन ते चार आठवडे पेशी वाढवाव्या लागतात. त्याच दिवशी काढून त्याच दिवशी टोचले तर जे जाते त्याला अस्थिमज्जेचा संहत (दाट केलेला) द्रव म्हणावे. त्याचा काही उपयोग होतच नाही असे नव्हे, पण प्रयोगांचे निकाल दाखवून हे विकणे चूक आहे. ही वस्तूच दुसरी आहे.

वाढवलेल्या पेशी असल्या तरी त्यांचे प्रमाणपत्र मागावे लागते. २००६ पासूनचा आंतरराष्ट्रीय निकष असा: प्लास्टिकला चिकटून वाढणाऱ्या, हाड, चरबी आणि कूर्चा या तिन्हींत बदलू शकणाऱ्या, सीडी ७३, सीडी ९०, सीडी १०५ ही चिन्हे किमान ९५ टक्के पेशींवर असलेल्या, सीडी ४५, सीडी ३४ आणि एचएलए-डीआर सारखी चिन्हे २ टक्क्यांहून जास्त पेशींवर नसलेल्या. शिवाय जंतू, मायकोप्लाझ्मा आणि एंडोटॉक्सिनचा अहवाल, गुणसूत्रांची तपासणी, कितव्या पिढीपर्यंत वाढवल्या ते, आणि टोचण्याच्या वेळी जिवंत पेशींचे प्रमाण. गोठवलेल्या पेशी वितळवल्यावर तासाभरात जिवंतपणा झपाट्याने घसरतो, त्यामुळे गोठवण्याआधीचा आकडा दाखवला तर त्याला अर्थ नाही. केंद्राकडे यातला एकही कागद नव्हता. 'पेशी उत्तम दर्जाच्या' एवढेच लिहिले होते.

सुई कुठे पोचते

योनीमार्गे सोनोग्राफीच्या मदतीने स्त्रीबीज काढण्याच्या सुईनेच पेशी सोडतात, साधारण १७ किंवा १८ गेजच्या. आयव्हीएफमध्ये अंडाशय फुगलेले, जवळ आलेले, काळ्या गोलांनी भरलेले असते. सुई कुठे आहे ते लख्ख दिसते. इथे दीड मिलीचे, आखडलेले, घट्ट अंडाशय सुईच्या टोकापुढे सरकते. पोटावरून हाताने दाबून धरावे लागते. सुई आरपार जाऊन पेशी पोटाच्या पोकळीत पडणे ही यातली सगळ्यात सामान्य फसगत, आणि ती सोनोग्राफीच्या पडद्यावर सहज कळत नाही. फॉलिकल असतात ते बाहेरच्या मिलिमीटरभर थरात. द्रव ०.५ मिलीहून जास्त ढकलला तर तो टोचलेल्या वाटेनेच परत येतो. आतडे, मूत्राशय आणि मोठ्या रक्तवाहिन्या शेजारीच असतात. रक्तस्राव, संसर्ग, नंतरचे चिकटाव हे धोके कमी प्रमाणात असले तरी खरे आहेत. चिकटावांमुळे पुढची नैसर्गिक संधीही जाऊ शकते.

शिरेतून सोडलेल्या अर्ध्या भागाची वाट याहून सरळ आहे: फुप्फुस. वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशी १५ ते ३० मायक्रॉनच्या, फुप्फुसाच्या केशवाहिन्या ५ ते १० मायक्रॉनच्या. बहुतेक पेशी पहिल्याच फेरीत तिथे अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. गुठळ्या होऊन श्वास अडकल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

तिसरी वाट अंडाशयाच्या धमनीतून. जांघेतून कॅथेटर नेऊन थेट रक्तपुरवठ्यात पेशी सोडायच्या. पेशी योग्य जागी जातात, पण एक्स-रेचा किरणोत्सर्ग नेमका ज्या अवयवाला वाचवायचे त्याच्यावर पडतो. म्हणून वेळ आणि मात्रा मोजूनच करावे लागते.

माणसांतला पुरावा किती?

२०१८ मध्ये स्पेनमधील गटाने १७ स्त्रियांत जी-सीएसएफ हे औषध देऊन अस्थिमज्जेतल्या पेशी रक्तात उतरवल्या, सीडी १३३ चिन्ह असलेल्या पेशी वेगळ्या केल्या आणि अंडाशयाच्या धमनीत सोडल्या. बहुसंख्य स्त्रियांत एएमएच किंवा फॉलिकलची संख्या काही काळ वाढली, काही गर्भधारणाही झाल्या. पण तयार झालेल्या भ्रूणांत गुणसूत्रदृष्ट्या सामान्य भ्रूण थोडेच होते. बीजाचे वय पेशींनी कमी होत नाही. आणि मुख्य म्हणजे त्या स्त्रिया अकाली अक्षमतेच्या नव्हत्या. त्यांना पाळी येत होती, आयव्हीएफमध्ये बीजे कमी मिळत होती. या अभ्यासाचा दाखला एफएसएच ७४ असलेल्या स्त्रीला देणे बरोबर नाही, तरी तो नेहमी दिला जातो.

त्याच वर्षी चीनमधल्या नानजिंगहून १४ स्त्रियांचा अहवाल आला: गर्भनाळेतल्या पेशी, काहींत कोलॅजनच्या जाळीवर. त्यातून मूल जन्मले. २०२० मध्ये चीनमधूनच ६१ स्त्रियांचा मोठा अहवाल आला, गर्भनाळेतल्या पेशी थेट अंडाशयात टोचलेल्या; ४ जणींना मूल झाले. पाळी बंद होऊन कमी काळ झालेल्यांत निकाल बरे होते.

६१ पैकी ४ म्हणजे सुमारे साडेसहा टक्के. अकाली अक्षमतेचे निदान झाल्यावर, कोणताही उपचार न करता, आपोआप गर्भ राहण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास सांगितली जाते. या दोन आकड्यांची थेट तुलना होत नाही. स्त्रिया वेगळ्या, पाहण्याचा काळ वेगळा, काहींत आयव्हीएफची जोड. पण तुलना करायची नाही म्हटले तर 'उपचाराने झाले' असेही म्हणता येत नाही, कारण शेजारी नियंत्रण गट नाही. पाचचे पंधरा टक्के होतात हे नेहमीच्या सांख्यिकी निकषांवर सिद्ध करायचे तर प्रत्येक गटात सुमारे १४०, एकूण २८० स्त्रिया लागतील. १४ किंवा १७ जणींत ते दिसणार कसे?

नियंत्रण गटातही नुसते निरीक्षण पुरत नाही. २०१३ मध्ये जपानमधील कावामुरा यांच्या गटाने दाखवले की अंडाशयाच्या पेशीस्तराचे तुकडे करण्यानेच वाढ रोखणारी हिप्पो नावाची संदेशसाखळी तुटते आणि फॉलिकल वाढू लागतात. म्हणजे सुई टोचणे हाच कदाचित एक उपचार असेल. पेशींचा वाटा किती हे कळायचे तर दुसऱ्या गटात तीच सुई, तितकाच द्रव, फक्त पेशी नाहीत, असे असावे लागते.

सुधारणा दिसते ती कुठून?

प्रस्तावासोबत 'सहायक औषधे' म्हणून एक चिठ्ठी होती. तीच सगळ्यात बोलकी निघाली. इस्ट्राडिओल व्हॅलरेट २ मिग्रॅ दिवसातून तीनदा, महिन्यातून १० दिवस प्रोजेस्टेरॉन, आणि केस-नखांसाठीचे एक मल्टिव्हिटॅमिन ज्यात बायोटिन १० मिग्रॅ. सहा आठवड्यांनी एफएसएच, इस्ट्राडिओल, एएमएच पुन्हा तपासायचे.

एकेक घेऊ. प्रोजेस्टेरॉन थांबल्यावर रक्तस्राव होणारच. तो पाळी 'परत आल्याची' खूण नाही. तोंडावाटे ६ मिग्रॅ इस्ट्राडिओलने रक्तातला इस्ट्राडिओल वाढतो आणि पिट्युटरीवर दाब पडून एफएसएच खाली येतो. अंडाशय जागचे हललेलेही नसते. आणि बायोटिन. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, गोळीत तिच्या तीनशे पटींहून जास्त. स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिनची जोडी वापरणाऱ्या प्रयोगशाळा-यंत्रांत एवढे बायोटिन असले की एफएसएच आणि टीएसएच खोटे कमी दिसतात, इस्ट्राडिओल खोटा जास्त दिसतो. दोन्ही चुका एकाच दिशेने: अंडाशय सुधारल्याचे चित्र. अशा यंत्रावर एएमएचही खोटा कमी येतो, तो आधीच शून्याजवळ असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही.

ही चिठ्ठी फसवण्यासाठी लिहिली असेलच असे नाही. तीच औषधे इतर कारणांनी दिली जातात. पण या चिठ्ठीनंतर केलेल्या तपासणीतून पेशींविषयी काहीही कळणार नाही. '१० पैकी ६ जणींत सुधारणा' यातली सुधारणा म्हणजे एफएसएच कमी होणे किंवा रक्तस्राव होणे, असे विचारल्यावर लेखी उत्तर आले. जिवंत मूल किती, याला उत्तर आले नाही.

सहा आठवडे हा कालावधीही जुळत नाही. सुप्त फॉलिकल जागे होऊन बीज सुटेपर्यंत अनेक महिने जातात. शेवटच्या टप्प्यालाच, पोकळी धरण्याआधीच्या फॉलिकलपासून बीज सुटण्यापर्यंत, सुमारे ८५ दिवस. सहा आठवड्यांत खरेच काही वाढले तर ते आधीच वाढीला लागलेले असते.

जे केले ते

प्रस्ताव बाजूला ठेवला, बंद केला नाही. आधी आधाररेषा, म्हणजे गोळ्यांविना मूळ आकडा, घ्यायची ठरली. बायोटिन आणि केंद्राने सुरू करून दिलेल्या गोळ्या थांबवल्या, चार आठवड्यांनी पुन्हा एफएसएच: ७१. आता हा आकडा खरा.

मग इस्ट्राडिओलचा १०० मायक्रोग्रॅमचा पॅच, आठवड्यातून दोनदा बदलायचा. महिन्यातून १२ रात्री मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन २०० मिग्रॅ. गर्भनिरोधक गोळी दिली नाही. तीही इस्ट्रोजेन देते, पण उरलीसुरली बीजे सुटण्यालाच अडवते. पॅच तसा अडवत नाही. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, टीएसएच २.५ च्या खाली आणण्यासाठी. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, वजन उचलण्याचा व्यायाम. पॅच सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून झोप लागू लागली, रात्रीचा घाम थांबला. मुलाच्या प्रश्नात हा भाग मागे पडतो, पण बत्तिसाव्या वर्षी इस्ट्रोजेनशिवाय राहणे हृदयाला आणि हाडांना परवडत नाही.

दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. पॅचवर असताना इस्ट्राडिओलचे आकडे गोंधळात टाकतात, म्हणून भर फॉलिकल मोजण्यावर. महिन्यातले प्रोजेस्टेरॉन सुरू करण्याआधी रक्तातले प्रोजेस्टेरॉन तपासायचे. कॅप्सूल सुरू झाल्यावर तपासले तर कॅप्सूलच मोजली जाते.

चार महिने काही नाही. पाचव्या महिन्यात डाव्या अंडाशयात १६ मिमीचे फॉलिकल दिसले. आठवड्याने ते नाहीसे, जागी धूसर पिवळा पिंड, रक्तातले प्रोजेस्टेरॉन ७.८ नॅनोग्रॅम. कॅप्सूल अजून सुरू केल्या नव्हत्या. म्हणजे बीज सुटले होते. जोडप्याला फॉलिकल दिसले त्याच दिवशी सांगितले होते. गर्भ राहिला नाही. पुढचे तीन महिने पुन्हा शांतता.

केंद्राच्या वेळापत्रकाप्रमाणे गेले असते तर तिन्ही सत्रे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात संपली असती. पाचव्या महिन्यातले हे फॉलिकल मूळपेशींच्या खात्यावर जमा झाले असते, आणि पुढच्या रुग्णाला दाखवण्याच्या कागदात एक नोंद वाढली असती. त्यात कुणी खोटेही बोलले नसते. अकाली अक्षमतेत अंडाशय असेच मधूनच चालते; अशा स्त्रियांपैकी बऱ्याच जणींत कधी ना कधी हालचाल दिसते.

प्रयोगात जायचे का?

नोंदणीकृत वैद्यकीय प्रयोगात सहभागी होणे हा प्रामाणिक पर्याय आहे, म्हणून तोही तपासला. पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत: सार्वजनिक नोंदवहीत क्रमांक आहे का, नैतिक समितीची मंजुरी, नियंत्रण गट, पेशींचा अहवाल, दुष्परिणामांची जबाबदारी कोणाची, आणि सहभागासाठी पैसे मागतात का. प्रयोगातल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात असतील तर बाकीचे प्रश्न विचारण्याची फारशी गरज उरत नाही.

एक अभ्यास कागदावर बसत होता. गर्भनाळेतल्या वाढवलेल्या पेशी, दुसऱ्या गटात फक्त द्रव. अडचण अटींत होती: आधी तीन महिने आणि नंतर सहा महिने हार्मोन बंद. शास्त्रीयदृष्ट्या अट रास्त आहे, नाहीतर मोजणार काय? पण झेड स्कोअर उणे २.१ असलेल्या स्त्रीला नऊ महिने इस्ट्रोजेनविना ठेवणे वैद्यकांना पटले नाही. दुसऱ्याच्या पेशींमुळे एचएलए या पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होण्याचा मुद्दाही समजावला. हाडे सुधारल्यावर पुन्हा विचार करता येईल, असे सांगितले. तोवर वय चौतीस झाले असते. दात्याच्या बीजाच्या वाटेत त्याने फरक पडत नाही, कारण तिथे यश दात्याच्या वयावर ठरते. वय वाढते म्हणून घाई कुणी दाखवली तर ती खोटी.

ईश्रेचे मार्गदर्शन या बाबतीत स्पष्ट आहे: अंडाशयाचे काम खात्रीने वाढवणारा उपचार सध्या नाही, दात्याचे स्त्रीबीज हा प्रस्थापित मार्ग आहे. हे पहिल्याच भेटीत सांगितले असते तर जोडपे उठून गेले असते. नऊ महिने स्वतःच्या अंडाशयाचा आलेख पाहिल्यावर त्यांनीच विषय काढला.

पुढे

समुपदेशनाच्या दोन बैठका झाल्या. मुलाला कधी, काय सांगायचे हा त्यातला मोठा भाग होता. दात्याच्या बीजापासून चार भ्रूण गोठवले. गर्भाशयाच्या अस्तरासाठी इस्ट्राडिओल दिवसाला ६ मिग्रॅ, अस्तर ८.६ मिमी झाल्यावर प्रोजेस्टेरॉन, सहाव्या दिवशी एकच भ्रूण. दोन ठेवा, असा आग्रह झाला, तो मानला नाही. दात्याच्या बीजाच्या गर्भारपणात रक्तदाबाचा विकार आधीच जास्त, जुळ्यांनी तो आणखी वाढतो. पहिला प्रयत्न गेला. दुसऱ्यात गर्भ राहिला.

अंडाशयाची स्वतःची साथ नसल्याने इस्ट्राडिओल आणि प्रोजेस्टेरॉन दहाव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवले. ते आधी बंद करणे ही या रुग्णांत गर्भ जाण्याची टाळता येणारी वाट आहे. थायरॉक्सिनची मात्रा गर्भ राहिल्याचे कळताच वाढवली. बाराव्या आठवड्यापासून रात्री अॅस्पिरिन १५० मिग्रॅ, ते ३६ व्या आठवड्यापर्यंत. प्रसूतीनंतर पॅच पुन्हा कधी सुरू करायचा ते स्तनपान पाहून ठरेल, आणि मग तो पन्नाशीपर्यंत चालेल. टीएसएच दरवर्षी. पुढची हाडांची घनता तपासणी पॅच पुन्हा सुरू झाल्यावर वर्षाने.